पहिलं ऊन खोटं

ऐका हो ऐका! शिरूर शहर, घोडनदीचे दोन्ही काठ, मार्केट यार्ड, एसटी डेपो आणि पंचक्रोशीतील तमाम बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आज रोजी आपल्या तालुक्यात कोणत्याही डोंगरावरून बर्फाचा कडा कोसळण्याचा धोका नाही. तरी नागरिकांनी अफवांवर विश्वास न ठेवता आपापली कामे निर्धास्तपणे करावीत. हुकुमावरून.

बिरा, हा मजकूर तू कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं लिहून दिला होतास. मी तो माझ्या टेम्पोच्या भोंग्यातून भर बाजाराच्या दिवशी वाचला, एक हरवलेली म्हैस आणि साड्यांचा सेल यांच्या मधोमध. सगळा बाजार हसला. न्हावऱ्याकडचा एक म्हातारा मात्र टेम्पोला हात लावून उभा राहिला आणि काळजीनं म्हणाला, "म्हंजी काल व्हता का धोका?"

त्या म्हाताऱ्यावर आपण आठवडाभर हसलो. निदान मी हसलो. तू हसलास का, ते मला आठवत नाही. तू जाऊन आज चौदा दिवस झाले, आणि चौदा दिवस मी तेवढंच आठवायचा प्रयत्न करतोय.

मी मंडप-स्पीकरवाला. लग्न असो, सभा असो, कुणी हरवो की कुणी मरो, गावाला सांगायचं काम माझं. म्हणून मला सगळा तालुका भोंग्या म्हणतो, आणि हे नाव पहिल्यांदा तूच ठेवलंस. आणि तू पलटणीतून परत आलेला, डाव्या पायाची दोन बोटं वर बर्फात ठेवून आलेला, सणसवाडीच्या एका कारखान्याच्या गेटवर खाकी शर्टात बसणारा बिरा. इनामगावच्या अलीकडच्या ज्या माळावर तुझ्या आज्यानं मेंढरं राखली, त्याच माळावर तुझ्या बापानं विहीर पाडली आणि तुम्ही शेतकरी झालात. या माळावर उन्हाळ्यात सरडा पाय पोळतो म्हणून एकेक उचलतो. अशा गावात तू आयुष्यभर एकाच विषयावर बोललास: बर्फ कसा कोसळतो.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात तुझी शाळा भरायची. परात मागायचास. हॉटेलवाला ओरडायचा, "फौजी, पीठ सांडलं तर बघा हां!" तू आधी परातीत साखर पसरायचास. तिच्यावर बाजरीचं पीठ हातानं थापायचास, भाकरी थापावी तसं, प्रेमानं. मग परात एका अंगानं हळूहळू उचलायचास. पीठ जागचं हलायचं नाही.

"पडत न्हाई की!" मी म्हणायचो. हा माझा ठरलेला संवाद होता.

"पडत न्हाई," तू म्हणायचास, "म्हणूनच माणूस मरतो." आणि पिठावर अलगद एक शेंगदाणा ठेवायचास. एका शेंगदाण्यानं सगळं पीठ एकाच वेळी सुटायचं आणि माझ्या धोतरावर यायचं. मी धोतर नेसायचो तेच मुळी त्या प्रसंगासाठी. लोक टाळ्या वाजवायचे.

"खाली साखर हाय," तू सांगायचास. "थंडीनं खालचा बर्फ असा दाण्यादाण्याचा व्हतो, एकमेकाला धरत न्हाई. वर नवा बर्फ येऊन बसतो, वारा त्याला दाबतो. वरनं बघाल तर पांढरीशिप्पट गादी. मेंढरांचा कळप बसलेला असतो ना, एकाला एक लागून, निवांत? तसं. एक बुजलं की समदी उठत्यात. आन् मेंढरू उठताना कुणाला इचारत न्हाई."

मग वाऱ्याचा धडा. वारा ज्या अंगानं बर्फ चाटून नेतो तिथून चालावं, ज्या अंगाला नेऊन साठवतो तिथं पाऊल टाकू नये. मग आवाजाचा धडा. पायाखाली पोकळ 'धप्प' वाजलं की समजावं, खालचा थर बसला, आता मागं फिर. मग चालण्याचा धडा. धोक्याच्या उतारावरून एका वेळी एकानंच जायचं, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची. मग गाडलं गेल्यावरचा धडा, तो मला सगळ्यात आवडायचा. तोंडापुढं हात धरून श्वासापुरती जागा करायची आणि थुंकी गाळायची. थुंकी वाहते ती खालची बाजू. बर्फात वर कुठं आणि खाली कुठं हेसुद्धा कळत नाही म्हणे. बाहेरच्यांनी चहा उकळून कपात ओतेस्तोवर उकरून काढायचं. त्याच्या पुढं आशा पातळ होत जाते.

तुझा संजू शाळेत होता तेव्हा त्याच्या कंपासपेटीतला कोनमापक तू पळवलास, त्याला दोऱ्यानं एक नट बांधलास आणि शिरूरचे उतार मोजत सुटलास. देवळाचं छप्पर, कडब्याची गंज, घोडनदीची दरड, सगळं मोजलंस. तीस ते पंचेचाळीस अंश वाईट, तू म्हणायचास. कडब्याची गंज त्यात बसली तेव्हा मी भोंग्यावरून कडब्याच्या मालकाला जाहीर इशारा दिला. तो बिचारा गंज उतरवायला निघाला होता!

आणि सगळ्यात शेवटी यायचा तुझा मंत्र. "बर्फ पडत असतो तवा माणूस शहाणा असतो, बाहेर पडत न्हाई. पडायचा थांबला, आभाळ निळं झालं, ऊन पडलं, की त्याचं डोस्कं फिरतं. किती दिस झाले ते बघतोच कशाला, लागतो चालाया. भोंग्या, पहिलं ऊन खोटं. दोन-तीन दिस थांबावं. बर्फ बसू द्यावा."

"पहिलं ऊन खोटं!" मी हॉटेलभर घोषणा द्यायचो. उन्हाळ्यात द्यायचो तेव्हा जास्त हशा यायचा.

आता तारेचं सांगतो. तुला सांगायची गरज नाही, तरी तुलाच सांगतो.

त्या काळी आपल्या भागात फौजी घरी आणायची एक रीत होती. सरळ मार्गानं रजा मिळत नसे. मग बहिणीचं लग्न असो, विहिरीचं पाणी लागलेलं असो, घरचे पोस्टात जात आणि तार ठोकत: आई सीरियस, लवकर या. फौजी यायचा, आई त्याला ओवाळायची. कुणाला त्यात पाप वाटत नव्हतं. तारबाबूसुद्धा मान वर न करता विचारायचा, "आई का बाप?"

त्या वर्षी माघातल्या जत्रेला मी वग बसवला होता. मी प्रधान. राजा तू, कारण राजाला शोभतील अशा मिशा गावात दुसऱ्या कुणाला नव्हत्या. तुला चार वाक्यं होती आणि तू त्यातली दोन दरवर्षी विसरायचास, पण मिशांनी निभावून न्यायचास. आणि तू वर बर्फात अडकलेला! मी तुझ्या आईकडं गेलो. म्हणालो, "मावशे, तुला जरा आजारी पाडू का?"

"पाड बाबा," म्हातारी म्हणाली. "पोरगं येत असंल तर मर म्हणलास तरी मरते."

तारबाबूनं विचारलं, "आई का बाप?" मी म्हणालो, "ह्या खेपेला आई." दोघंही हसलो. बाहेर येऊन मी जिलबी खाल्ली. तिची चव मला अजून आठवते, काय करू.

जत्रा झाली, राजाचं काम न्हाव्याच्या पोरानं खोट्या मिशा लावून केलं, आणि तू त्यानंतर पंधरा दिवसांनी आलास. कुबडी होती, पायाला पट्टी होती. तुझी आई उंबऱ्यात बसून हरभरा निवडत होती, टणटणीत. मी धावत आलो, हातात पुठ्ठ्याचा मुकुट. "महाराज उशिरा पधारले!" म्हणून ओरडलो. तू आईकडं बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग माझ्या हातातला मुकुट घेऊन डोक्यावर ठेवलास आणि म्हणालास, "प्रधानजी, राज्याची हालहवाल काय?"

"सगळं क्षेमकुशल आहे, महाराज!" मी म्हणालो, आणि अंगणभर हशा पिकला. सर्वांत मोठ्यानं मी हसलो. पायाचं काय झालं विचारलं तर तू म्हणालास, "थंडीनं गेली बोटं." ते खरंच होतं.

पुढं काही वर्षांनी तू पेन्शन घेऊन आलास. तुझ्या पलटणीतला साताऱ्याकडचा एक हवालदार नगरला जाताना तुला भेटायला म्हणून शिरूरला उतरला. तू त्याच्यासाठी गरम भजी काढायला हॉटेलवाल्याच्या मागं भट्टीपाशी उभा होतास. मी सवयीनं म्हणालो, "आमच्या बिराच्या बर्फाच्या गोष्टी खऱ्या का हो?" तेवढ्या वेळात त्यानं मला सांगितलं.

चार दिवस बर्फ पडत होता. पाचव्या दिवशी ऊन पडलं. त्याच दिवशी तुझी तार वरच्या ठाण्यावर पोचली. साहेब म्हणाले, दोन दिवस थांब. तू म्हणालास, आई दोन दिवस थांबायची नाही. भांडलास साहेबाशी. शेवटी सोडलं. एक जोडीदार तुला खालच्या वळणापर्यंत पोचवायला निघाला. तू कमरेला लाल दोरी बांधली होतीस, ती मागं फरफटत येते, माणूस गाडला तरी दोरी हलकी म्हणून वर राहते आणि तिच्या मागानं उकरता येतं. जोडीदारानं बांधली नव्हती. तो फक्त वळणापर्यंत येऊन परत फिरणार होता ना! कडा सुटला. तुझी दोरी वर दिसली. तुला काढलं. त्याला तिसऱ्या दिवशी काढलं.

"आई वाचली ना पण त्यांची?" हवालदारानं मला विचारलं.

"वाचली," मी म्हणालो.

तेवढ्यात तू भजी घेऊन आलास. मी त्या जोडीदाराचं नाव विचारलं नाही. विचारलं असतं तर ते मला पाठ झालं असतं.

त्या दिवसापासून मला कळलं की परातीवरच्या त्या शेंगदाण्याला तू हात इतका हलका का लावायचास. पण मी तुला सांगितलं नाही की मला कळलं आहे. आणि तूही मला कधी म्हणाला नाहीस की भोंग्या, ती तार तुझी होती. वर्षानुवर्षं एका टेबलाला आपण चहा प्यालो, खाली साखर, वर गादी. तू बोलला असतास तर मी पाया पडलो असतो. मी बोललो असतो तर तू 'जाऊ दे' म्हणाला असतास, आणि ते 'जाऊ दे' मला झेपलं नसतं. म्हणून मी जास्त जोरात थट्टा करत राहिलो. माझ्याकडं दुसरं हत्यार नाही, बिरा. आवाज आहे, तो मोठा करता येतो, एवढंच.

मग संजू भरती झाला. तुझाच पोरगा, तुझ्याच मिशा, आणि नशीब असं की दुसऱ्या वर्षी त्याला तसल्याच ठाण्यावर पाठवलं. मी तुम्हा दोघांना टेम्पोतून दौंडला सोडायला आलो होतो. फलाटावर सगळे बाप पोरांना 'जेवत जा, पत्र टाक' सांगत होते. तू खिशातून कोनमापक काढलास, दोरा-नटासकट, आणि त्याच्या हातात दिलास. "आधी मोजायचं, मग पाय टाकायचा."

"आबा, तिथं लोकं हसतील," संजू म्हणाला.

"हसू दे. ह्या भोंग्यानं आयुष्यभर हसून घेतलंय, काय झालं मला?"

गाडी हलली.

त्याची पत्रं यायची ती दहा-बारा दिवसांची शिळी. तू पेन्सिल घेऊन बसायचास. 'तीन दिवस बर्फ आहे, वारा मागून आहे' एवढं वाचून तू डोंगर काढायचास, वारा काढायचास, कुठल्या अंगाला बर्फ साठला असेल तिथं काळं करायचास. "हितनं जाऊ नको," असं त्या चित्राला सांगायचास. आपण चित्र बघत असताना तिकडं त्या गोष्टीला बारा दिवस होऊन गेलेले. एवढं सगळं येत असलेला माणूस, आणि करता काही येत नाही. तो तुझा चेहरा मी पाहिला तेव्हा थट्टा सुचली नाही, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो होतो, "भोंगा लावू का वर तोंड करून? ऐकू जाईल त्याला."

गेल्या महिन्यात तू मला हॉटेलात म्हणालास, "भोंग्या, मी हिवाळ्यात गेलो तर संज्याला कळवायचं न्हाई. वाट मोकळी झाली की मग कळवा."

"अरे अग्नी कोण देईल?"

"लाकडं पेटायला पोरगा लागतो व्हय? आमचा थोरला आप्पा देईल. तू शब्द दे."

"तू असं कर," मी म्हणालो, "तू उन्हाळ्यात मर. म्हणजे भांडणच नको."

तू हसलास. हे मात्र मला पक्कं आठवतं. हसलास आणि वाट बघत राहिलास, आणि मी शब्द दिला नाही. मला वाटलं पुष्कळ वेळ आहे. एवढा बर्फाखालून निघालेला माणूस, त्याला शिरूरमध्ये काय होतंय!

त्या दिवशी सकाळी तू गेलास. कसा गेलास ते लिहीत नाही, चहाचा कप खाली ठेवावा तसा गेलास. मला कळलं आणि मी सवयीनं टेम्पो काढला. गावाला सांगायचं काम माझं. मार्केट यार्डातून, डेपोवरून, पुलापर्यंत मी तुझं नाव पुकारत फिरलो. खोटं कशाला बोलू, माझा आवाज त्या दिवशी फार चांगला लागला होता. लोक काम टाकून उभे राहत होते. म्हणून मी आणखी एक फेरी मारली, पुलापलीकडची. त्या एका फेरीत तुझ्या थोरल्या भावानं, जानकू आप्पानं, एसटीडी बूथवरून संजूच्या पलटणीला फोन केला. घरी पोचलो तर आप्पा म्हणाले, "कळवलंय पोराला. निघतोय म्हणं."

"आप्पा, त्यानं नको म्हणलं होतं."

"मेलेल्या माणसाचं काय ऐकायचं? पोराच्या हातचा अग्नी न्हाई मिळाला तर मी वर काय तोंड दाखवू त्याला? जा, बर्फ आण."

मी बर्फ आणला, बिरा. नदीकडच्या बर्फाच्या कारखान्यातून, गोणपाटात गुंडाळून, लाकडाचा भुसा लावून. मीच लाद्या लावल्या तुझ्या दोन्ही अंगांना. तुला पुन्हा बर्फात ठेवणारा माणूस पुन्हा मीच. मी तुझ्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "महाराज, क्षेमकुशल नाही." भोवतीच्यांना वाटलं मी काही स्तोत्र म्हणतोय.

तुझ्या वहीतून नंबर काढून मी बूथवर पळालो. पाचव्यांदा फोन लागला. तिकडं कुणी कारकून होता.

"हां जी, लड़के को खबर हो गई है," तो म्हणाला. "चार दिन से बर्फ थी, आज मौसम एकदम खुला है. कल सवेरे निकाल देंगे."

"धूप है?" मी विचारलं.

"बढ़िया धूप है, साहब."

मी ओरडलो, "मत निकालो! दो-तीन दिन रुको! बर्फ बैठने दो!"

"देखिए, साहब लोग भी रुकने को बोल रहे हैं. लड़का नहीं मानता. झगड़ा कर रहा है. आप कौन हैं उसके?"

मी कोण? मी सांगितलं, "उसके बाप का दोस्त."

"घरवालों से बात कराइए. माँ हो तो माँ से. घर वाले बोलेंगे तो मानेगा. घंटे भर में फोन कीजिए, मैं ऊपर से लाइन मिलाता हूँ."

घरी आलो. आप्पांसमोर उभा राहिलो. अंगण भरलेलं होतं. म्हणालो, "आप्पा, पोराला थांबवा. आत्ता निघाला तर वाटेत जाईल."

"काय जाईल? हजारो फौजी येत्यात-जात्यात. ऊन पडलंय म्हणतोस ना?"

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर. तार मी केली होती, आजार खोटा होता, जत्रेचा वग होता, हा बर्फात गाडला गेला तो माझ्यामुळं, आणि याच्यासोबत निघालेला पोरगा परत गेलाच नाही. भोंग्याशिवाय बोललो मी, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. आणि बिरा, मागं कोण तरी फिसकन हसलं. त्यांना वाटलं भोंग्याचा नवा किस्सा. सुतकाच्या घरातसुद्धा हा माणूस रंग भरतोय! आयुष्यभर मी जे पेरलं ते असं उगवलं. खरं बोलायची वेळ आली आणि माझ्या तोंडातून ते खरं वाटेना. मी हात जोडून उभा, आणि दोन माणसं पुढचं ऐकायला सरसावून बसलेली.

वहिनी तुझ्या उशाशी बसल्या होत्या. त्या उठल्या. लाद्यांच्या पाण्यानं लुगड्याचा काठ भिजला होता.

"मला ठावं हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तारेचं. ह्यांनी सांगितलं व्हतं लगीच. म्हणाले, भोंग्याला बोलू नको, त्यो मरंल."

आणि मग, "चला. कुठं हाय फोन?"

बायका पदर धरायला लागल्या. मढं घरात असताना बाई उंबरा ओलांडते का? आप्पा आडवे झाले. वहिनी आप्पांच्या बाजूनं निघून गेल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत, अनवाणी. मी मागं. बूथवर लाइन लागायला बराच वेळ लागला. काचेबाहेर अर्धी आळी जमली होती. शेवटी त्या कारकुनानं वरच्या ठाण्याशी जोडून दिलं आणि खरखरीतून संजूचा आवाज आला, "आये? आये, मी निघतोय." वहिनी त्याला जे म्हणाल्या ते शेवटी सांगतो. भोंगेवाल्याला शेवटची ओळ राखून ठेवायची सवय असते, तेवढी राहू दे.

संध्याकाळी घोडनदीच्या काठावर आप्पांनीच तुला अग्नी दिला. माझ्याशी ते बोलले नाहीत.

संजू नवव्या दिवशी आला, दहाव्याच्या आदल्या दिवशी. ऊन पडल्यावर तीन दिवस थांबून, मग एकेक करून उतरले ते. मी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, विचारायला नको होतं, "संजू, तो उतार? सुटला का रे मागनं?"

त्यानं पोरासारखी मान हलवली. "न्हाई काका. तसाच व्हता. आम्ही त्याच्यावरनंच आलो. काय बी झालं न्हाई."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "बघा," एवढंच म्हणाले. न पडलेला कडा कुणाला दाखवता येत नाही, बिरा. कदाचित पोरगा दुसऱ्या दिवशी निघाला असता तरी सुखरूप आला असता आणि बापाला अग्नी देता आला असता. कदाचित त्याच्या पावलासाठीच तो उतार थांबला होता. हे तुलाही सांगता आलं नसतं. तू आयुष्यभर परात तिरकी करत राहिलास ते यासाठीच, आता कळतंय. मी एका खोट्या तारेनं एकाला मारलं, हे पक्कं आहे. एका खऱ्या फोननं दुसऱ्याला वाचवलं का, ते कधीच पक्कं होणार नाही. आप्पांचा राग मी घेऊन ठेवलाय. तो माझाच आहे.

संजूनं तुझी पेटी उघडली. घड्याळ, मेडल, घोंगडी, सगळं धाकट्या बहिणीकडं सरकवलं. तळातली लाल दोरी तेवढी घेतली, विटून गुलाबी पडलेली. "आता नवी मशीनं येणार म्हणत्यात, गाडलेला माणूस शोधायची," तो म्हणाला, आणि दोरी हाताला गुंडाळून खिशात घातली. परवा मी त्याला दौंडला सोडायला जाणार आहे.

तू मला कळू न देता माझी लाज इतकी वर्षं पोटात घालून बसलास. त्याचे आभार मानायचे तर तू नाहीस, भांडायचं तर तू नाहीस. हॉटेलवाल्यानं परवा न मागता परात आणून समोर ठेवली. मी साखर पसरली, पीठ थापलं, परात उचलली. शेंगदाणा ठेवायचं धाडस झालं नाही.

तर ती शेवटची ओळ. तुझ्या बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा फोन हातात धरला होता, उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. तिला वाटत होतं लांब बोलायचं म्हणजे ओरडून बोलावं लागतं. ती अशी ओरडली की काचेबाहेरची सगळी आळी, नगर रस्त्यावरचे दोन ट्रकवाले आणि डेपोतला कंडक्टर मागं वळले. माझा भोंगा त्यापुढं काहीच नाही:

"संज्या, तिथंच बस! बर्फ बसू दे, मग ये! तुझा बाप काय आता कुठं उठून चाललाय व्हय!"